एकशे चाळीस केबीचा प्लेअर

आमच्या हेडसरांनी आयुष्यात एकच गोष्ट जड बाळगली, ती म्हणजे स्वतःचं मत. बाकी सगळं हलकं. सायकल हलकी, पिशवी हलकी, जेवण हलकं, सहीसुद्धा हलकी. माणूस इतका हलका राहायला लागला की आसपासच्यांना त्याचा किती भार होतो, याचा अभ्यास मी सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या शाळेत बारा वर्षं केला.

शाळा दोन खोल्यांची, शिक्षक दोन. एक सर, एक मी. नव्वदीच्या मध्यावर मी तिथे रुजू झाले तेव्हा नवी नवी होते, हिंगोलीची होते, आणि आमच्या घरात दोऱ्याचा तुकडासुद्धा गुंडाळून डबीत ठेवायची पद्धत होती. वडील कचेरीत कारकून. त्यांनी मला निघताना दोन पेनं, शाईच्या तीन बाटल्या, पंच, टाचण्या, आणि प्रत्येक कागदाच्या तीन प्रती काढायचा उपदेश दिला होता. सरांनी पहिल्याच दिवशी माझी पिशवी हातात घेऊन तोलली, वर-खाली केली, आणि एक पेन बाहेर काढून टेबलावर ठेवलं.

"एकाची दोन कशाला, बाई?"

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की झोपेत कुणी विचारलं असतं तरी आवाजासकट म्हणून दाखवलं असतं. दुसरं वाक्य होतं, "बोजा कमी करा." ही दोन वाक्यं सोडली तर सरांचं तत्त्वज्ञान संपत होतं. तत्त्वज्ञानही हलकंच ठेवलं होतं त्यांनी.

याचं मूळ ते आपल्या पूर्वजांपर्यंत नेत. तांड्याची माणसं एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर फिरायची. सर सांगत, ज्याच्या बैलावर संसार जास्त तो मागे पडायचा, आणि मागे पडला त्याचं पुढे काय झालं हे कुणी विचारायचं नाही. ऐकायला हे फार भारदस्त वाटे. फक्त आता बैल नव्हते, मीठ नव्हतं, आणि सर घरापासून शाळेपर्यंत अर्धा किलोमीटर जात होते.

त्या अर्ध्या किलोमीटरसाठी त्यांनी सायकलीचे मडगार्ड काढले होते. स्टँड काढलं होतं, घंटी काढली होती, चेनकव्हर काढलं होतं. ब्रेक मात्र ठेवला होता, एक. स्टँड नसल्यामुळे सायकल शाळेसमोरच्या लिंबाला टेकवावी लागे, आणि मडगार्ड नसल्यामुळे पावसाळाभर सरांच्या पाठीवर चिखलाची सरळ उभी रेघ असे. मुलं तिला समास म्हणत. सरांना हे माहीत होतं, आणि समास सोडून लिहिणाऱ्या मुलांना ते जास्त मार्क देत.

सहीचा मामला तर कार्यालयापर्यंत गेला. आधी त्यांनी आडनाव काढलं, मग वडिलांचं नाव, मग स्वतःच्या नावातली अक्षरं एकेक करून. मी आले तेव्हा एक वाकडी रेघ उरली होती. वरून पत्र आलं की सदरहू रेघ आपलीच असल्याचं कळवावं. सरांनी कळवलं, आणि खाली तीच रेघ ओढली. एकदा तीन पानांचं परिपत्रक आलं होतं. शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय आहे काय, असल्यास स्वरूप, नसल्यास कारणे, केलेली कार्यवाही, तीन प्रतींत. सरांनी एका चिठ्ठीवर 'नाही' लिहून पाठवलं. मी डोक्याला हात लावून बसले. त्या उन्हाळ्यात केंद्रातल्या सगळ्या शाळांआधी हातपंप आमच्याकडे आला. का ते मला आजही माहीत नाही, पण सरांचा विजयी चेहरा पुढे महिनाभर बघवत नव्हता.

पुस्तकांचं सांगते आणि पुढे जाते. धडा शिकवून झाला की तो फाडून ठेवायचा, असा सरांच्या वर्गाचा नियम होता. जे डोक्यात गेलं ते दप्तरात कशाला? तिसरी-चौथीची पोरं जूनमध्ये भरल्या दप्तरानं यायची आणि फेब्रुवारीत नुसते पुठ्ठे घेऊन. मग मार्चमध्ये उजळणीच्या वेळी सर खिडकीतून माझ्या वर्गात डोकवायचे आणि शक्य तितक्या सहजपणे विचारायचे की बाई, तुमच्या कपाटात चुकून एखादं अख्खं पुस्तक असेल का. असायचं. मी कारकुनाची मुलगी, मी दोन ठेवत होते.

शाळेला सरकारकडून एक टेपरेकॉर्डर मिळाला होता, कवितांच्या कॅसेटींसह. खोक्यातून निघाला तेव्हा चांगला तालेवार दिसत होता. सरांनी आठवड्याभरात त्याला वाटेवर आणलं. एरियल काढली, हँडल काढलं, दोनातला एक स्पीकर मुका केला, आणि टेप भरभर पुढे पळवायचं बटणच उपटून टाकलं. मागे न्यायचं बटण मात्र राहू दिलं. मी विचारलं, याच्यावर मेहेरबानी काहून? सरांच्या सहवासात 'काहून' माझ्याही तोंडात बसला होता. ते म्हणाले, "मागं न्यावं लागते, बाई. पुढं तर ते आपोआपच जाते."

कॅसेटींचे डबे त्यांनी पोरांना खेळायला देऊन टाकले आणि वरची लेबलं नखानं खरडून काढली. आत काय आहे ते वाजवलं की कळते, मग वरून लिहायचं कशाला? तर आमच्या कपाटात बिनचेहऱ्याच्या सात-आठ कॅसेटी पडलेल्या असायच्या, आणि कविता लावायला गेलं की आरोग्याचं भाषण लागायचं.

हाच टेपरेकॉर्डर घेऊन मी सरांच्या मुलीच्या लग्नाला गेले होते.

तांड्यावर मुलगी सासरी निघते तेव्हा ती ढावलो म्हणते. हे मी तोवर नुसतं ऐकून होते. आमच्याकडे नवरी मुकाट्यानं रडते आणि गाणं म्हणायचं ते बाकीचे म्हणतात. इथे नवरी स्वतः गाते. एकेकाच्या गळ्यात पडून, त्याला हाक मारून, त्याचं नाव घेऊन, मध्येच हुंदके देत. आईला वेगळं, भावाला वेगळं, चुलतीला वेगळं. आयाबाया आधी महिनाभर तिला ते शिकवतात, पण ऐन वेळी ती जे म्हणते ते तिचंच असतं. ज्याला हाक मारली त्यानं पुढे येऊन उभं राहायचं, तिला मिठीत घ्यायचं. सगळ्यात शेवटी बाप.

मला ते टेपवर घ्यायचं होतं. बटण दाबून मी बायकांमध्ये बसले. मुलगी अठरा-एकोणीसची, किडकिडीत, पण आवाज असा की मागे बांधलेल्या म्हशी माना वळवून बघत होत्या. आई झाली, भाऊ झाले, काकू, मावशी, शेजारची आजी झाली. मग तिनं "बापू" म्हणून हाक मारली.

बापू नव्हते. बापू पलीकडे वऱ्हाडाच्या जीपपाशी होते. जीप वारंगा फाट्याच्या पलीकडे जायची होती, आणि टपावर लादलेला संसार पाहून सरांना राहवलं नव्हतं. एक पेटी उतरवून झाली होती, गादी उतरवून झाली होती, आता कपाटाच्या दोऱ्या सोडणं चाललं होतं. व्याही हातापाया पडत होते. एक बाई बोलवायला गेली, तिला सरांनी आलो म्हणून सांगितलं. दुसरी गेली, तिलाही आलो म्हणूनच सांगितलं. दोऱ्या सोडून ते टपावरून उतरले तेव्हा मुलीला जीपमध्ये बसवून झालं होतं. हलक्या जीपमध्ये.

या प्रसंगावर मी पुढे दहा वर्षं लोकांना हसवलं. केंद्राच्या बैठकीला गेलं की बायका म्हणायच्या, त्या हेडसरांचं सांगा ना. मी सांगायचे, सरांनी जीपमधून सगळं उतरवलं, फक्त नवरी तेवढी राहिली. हमखास हशा यायचा. सरांच्या कानावर हे जात असणारच. ते कधी काही बोलले नाहीत. त्यांनी ती कॅसेट तेवढी माझ्याकडून मागून घेतली आणि घरी नेली.

मग मधली काही वर्षं गेली आणि मोबाईल आला. तांड्यावर आधी नायकाकडे, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाकडे आला, मग दूधवाल्याकडे, मग ज्याच्या शेतात सोयाबीन बरं झालं त्याच्याकडे. सर बरेच दिवस लांब राहिले. बोलणं कमी करायच्या वयात बोलायचं यंत्र कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण पुण्याला कंपनीत असलेल्या मुलानं नवा फोन घेतला आणि दिवाळीत जुना सरांना आणून दिला. बटणांचाच होता, पण स्मार्टफोन आहे असं मुलगा दहादा सांगून गेला. त्यात कॅमेरा होता, नकाशे होते, जगातल्या पंचवीस शहरांची वेळ होती. सेनगावची नव्हती.

सरांनी फोन हातात घेऊन तोलला, आणि मला कळलं की आता या फोनचं काही खरं नाही.

नकाशे गेले. शहरं गेली. खेळ गेले. वॉलपेपर गेला, काळा पडदा आला. घंटीचे चाळीस आवाज होते, त्यातला एक ठेवला, आणि तोही नंतर बंद केला, कारण फोन थरथरला की खिशात कळतंच. एवढं सगळं गेल्यावर एके दिवशी सर माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले की त्यांना याच्यात गाणं ऐकायचं आहे. एकच गाणं. पण फोनचा स्वतःचा जो प्लेअर आहे तो फार भारी आहे.

भारी म्हणजे चांगला या अर्थानं नव्हे. तो उघडायला घेतला की आधी गाणी शोधत बसे, मग त्यांची नावं लावे, मग त्यांचे फोटो शोधे, आणि फोटो सापडले नाहीत की अडून बसे. त्याला किती वेळ लागतो हे मोजायची सरांची पद्धत त्यांच्या स्वभावाला धरून होती. घड्याळ त्यांनी केव्हाच सोडलं होतं. फोन टेबलावर ठेवायचा, बटण दाबायचं, आणि माझ्या दुसरीच्या वर्गाला म्हणायचं, सुरू. पोरं पाढा म्हणायची. फोनचा मूळ प्लेअर साताच्या पाढ्याला उघडला, आणि साती नव्वेला बंद पडला.

"बे दाहे वीस व्हायच्या आत गाणं लागलं पाहिजे," सरांनी कसोटी ठरवली.

दर शनिवारी दुपारी सर सेनगावला जायचे. बसस्टँडजवळ एक मोबाईलचं दुकान होतं. दुकानदार तिशीतला, कार्डात गाणी भरून देणारा, फोन उघडून जोडणारा, अतिशय सोशिक माणूस. सर यायच्या आधी त्याचं बरं चाललं होतं. तो त्यांना एक नवा प्लेअर टाकून द्यायचा, सर आठवडाभर पाढ्यांवर तो वाजवून बघायचे आणि पुढच्या शनिवारी परत घेऊन जायचे. एकात गाण्याबरोबर रंगीत पट्ट्या नाचायच्या. सर म्हणाले, ऐकायला मागितलं होतं, बघायला न्हाई. दुसऱ्यात आवाज कमी-जास्त करायचे दहा खटके होते, नऊ काढून मिळतील का, असं सरांनी विचारलं. तिसरा इंटरनेट मागत होता. चौथा चांगला होता, तीन एमबीचा, माझ्या पोरांच्या बे चोक आठला उघडला, पण कुणाचा फोन आला की गाणं जिथे थांबलं ती जागा लक्षात ठेवायचा. सरांना हे खटकलं. आपण होऊन लक्षात ठेवायला त्याला कुणी सांगितलं? या लक्षात ठेवण्याचेच केबी लागत असणार.

'किती केबी?' हे आता त्यांचं पालुपद झालं होतं. प्लेअरचे केबी विचारता विचारता ते माझ्या डब्याचे, परिपत्रकांचे, केंद्रप्रमुखांच्या भाषणाचेही विचारायला लागले. केंद्रप्रमुखांना तो शब्द नवा होता. ते म्हणाले, वीस मिनिटं.

शेवटी जानेवारीत तो सापडला. एकशे चाळीस केबी. करडा पडदा, तीन बटणं. वाजव, थांब, आणि तिसरं कशाचं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. बे त्रिक सहाला गाणं सुरू. सरांनी वर्गाला सुट्टी देऊन टाकली. इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर मुलगी दहावी पास झाली तेव्हाही पाहिलं नव्हतं. एकच बारीक अडचण होती. हा प्लेअर दोन एमबीपेक्षा मोठी फाईल घेत नव्हता. घेतली की तिथेच गुडघे टेकायचा.

ही अडचण दुकानात कशी सुटली ते मला नंतर दुकानदारानंच सांगितलं. सर एक कॅसेट घेऊन आले. त्यानं वायर लावून ती कॉम्प्युटरवर उतरवली. अर्ध्या तासाचं काहीतरी होतं, बायकांचा आवाज, रडणं, भाषा त्याला कळेना. ते सरांच्या प्लेअरमध्ये मावणं शक्य नव्हतं. तो तीन एमबीवाला परत टाका, त्याच्यात अख्खं बसेल, असं त्यानं हात जोडून सांगितलं.

"प्लेअर बदलायचा न्हाई," सर म्हणाले. "गाणं बारीक करा."

कुठे कापू, हे त्यानं विचारलं. जिथे गाणं नाही तिथे. आणि तीच ओळ दोनदा आली तर? एकदा म्हटलेलं पुन्हा कशाला. दुकानदारानं चार दिवस बसून इमानदारीनं काम केलं. एक पूर्णांक नऊ एमबी झालं. सरांनी तो आकडा पाहिला, खूष झाले. गर्दीच्या दुकानात ऐकून बघायला त्यांना बरं वाटेना, पण कॉम्प्युटरवरची मोठी फाईल पुसली की नाही हे मात्र स्वतः उभं राहून पाहिलं.

सोमवारी त्यांनी माझ्या टेबलावर एक कॅसेट ठेवली. लेबल नाही, डबा नाही. म्हणाले, ही रिकामी आहे, हिच्यात दोन ते तीसचे पाढे भरून टाका. पोरांना टेप लावून दिली की रोज म्हणायचा तुमचा बोजा कमी होईल.

आता हा माणूस माझा बोजा कमी करायला निघाला की माझं काम वाढतं, हे मला दहा वर्षांत कळलं होतं. मी कंटाळत कंटाळत वर्गाला समोर बसवलं आणि पाढे भरायला घेतले. मी एकदा म्हणायचे, मागून पोरं. वीसचा संपला तेव्हा सुट्टीची घंटा झाली. मी टेप बंद केली, कॅसेट मागे नेऊन कपाटात टाकली आणि पुन्हा हात लावला नाही. त्यानंतर रोज परिपाठाला सर विचारायचे, "बाई, एकवीसचा पाढा?" मी म्हणायचे, होऊन जाईल. फेब्रुवारीत विचारलं, मार्चमध्ये विचारलं. जितकं विचारलं तितका माझा आळस पक्का होत गेला. त्यांचं एक तरी काम अर्धं ठेवल्याचं मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली. एके दिवशी पोरं घरी गेली तरी सर गेले नाहीत. मी पिशवी आवरत होते, त्यांनी मला थांबायला सांगितलं. खिशातून फोन काढला आणि टेबलावर अगदी मधोमध ठेवला. आज मुलीच्या लग्नाची तारीख होती. मग मला जे कळलं ते असं, की दर साली या तारखेला सर ढावलोची ती कॅसेट एकदा लावतात. एकदाच, कारण जास्त वाजवलं की टेप घासते. दर साली घरी ऐकत होते, दार लावून. आता फोनात आलं, हलकं झालं, कुठेही ऐकता येतं. आणि त्या दिवशी टेपवर मीच घेतलं होतं, म्हणून मी पण ऐकावं असं त्यांना वाटलं.

मी पिशवी खाली ठेवली. कॅसेटींचा विचार अजून डोक्यात जुळत नव्हता.

सरांनी बटण दाबलं आणि ओठातल्या ओठात बे एके बे सुरू केलं. बे त्रिक सहाला मुलीचा आवाज आला. स्वच्छ, मोठा. आईची ओळ, लगेच भावाची, लगेच चुलतीची. मध्ये श्वास नाही. हुंदका नाही. कुणी जवळ आलं, कुणी गळ्यात पडलं, बांगड्या वाजल्या, कुणाचं नाक ओढलं, यातलं काहीच नाही. लग्नाच्या मांडवातून उचलून तिला जणू रेडिओच्या खोलीत नेऊन उभी केली होती आणि गाडी चुकेल म्हणून घाई केली होती. चार मिनिटांत सगळे नातेवाईक संपले. शेवटी "बापू" अशी एक हाक आली, बापाची एक ओळ झाली, आणि प्लेअर थांबला. एकशे चाळीस केबी, कुठेही अडखळला नाही.

सर फोनकडे बघत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "ही माझी पोरगी न्हाई."

त्यांनी पुन्हा बटण दाबलं, पुन्हा चार मिनिटं ऐकलं. मग मान वर करून, परीक्षेतल्या पोरानं विचारावं तसं हळू विचारलं की ती कॅसेट कुठं आहे. मी कपाटाकडे पाहिलं. मला एकदम सगळं जुळलं. दहा वर्षांपूर्वी ती मुलगी मीच टेपवर घेतली होती, आणि जानेवारीत मीच तिच्यावर दोनापासून पाढे म्हटले होते.

"पाढे आहेत त्याच्यात, सर."

"कितीपर्यंत?"

"वीस."

सरांच्या डोळ्यांत काय आलं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही. तीन महिने ज्या आळसासाठी त्यांनी मला टोचून खाल्लं होतं, तो आळस कुठल्या तरी देवळात नेऊन ठेवावा असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

लाईट नव्हती. त्या वर्षी दुपारची लाईट दोनला यायची. टेपमधले सेल बोजा म्हणून केव्हाच काढलेले. आम्ही दोघं त्या पत्र्याखाली तास-दीड तास बसून राहिलो. मी म्हटलं, तोवर पेन्सिलीनं फिरवून टेप पुढे आणते. सरांनी कॅसेट माझ्या हातातून काढून घेतली. तुटली तर? मग लाईट आली, आणि पुढे पळवायचं बटण तर त्यांनी स्वतःच उपटलेलं, त्यामुळे आम्हाला पहिल्यापासून ऐकावं लागलं. बे एके बे. एवढे कंटाळवाणे पाढे जगात कुणी म्हटले नसतील. माझा आवाज, मागून पोरांचा गलका, तेराच्या पाढ्यात मी चुकलेली, सतराच्या पाढ्यात जांभई दिलेली. एरवी सरांनी चूक धरून ठेवली असती. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून, टेपकडे बघत, एकेक पाढा जाऊ देत होते.

वीस दाहे दोनशे. घंटा. माझा आवाज आला, चला, बास झालं. खट्ट.

थोडी खरखर झाली आणि मग मांडव आला. बांगड्या आल्या, कुठलं तरी लेकरू रडलं, आणि मुलीनं "बापू" म्हणून लांब हाक मारली. त्यांच्या भाषेत तिनं काय म्हटलं ते मला आता कळत होतं. बापू, तुझ्या घरात मी किती जागा घेत होते? एवढी का मी जड झाले तुला? दुकानदारानं हे एकदा ठेवलं होतं. ती ते तीनदा म्हणाली होती. आणि प्रत्येक वेळी म्हणून झालं की थांबली होती. गाणं नाही, काही नाही, नुसती थांबलेली. बाप येऊन उभा राहील म्हणून तिनं जागा सोडली होती.

त्या जागेत लांबून जीपचं इंजिन ऐकू येत होतं. आणि एक आवाज, बारीक पण स्पष्ट, "ते कपाट बी उतरवा. बोजा होते."

आणि टेपच्या अगदी जवळून दुसरा आवाज. तरुण, हसू दाबलेला. "सर तिकडे जीप रिकामी करून राहिलेत." तो माझा होता.

मग तिनं आणखी एकदा "बापू" म्हटलं. गाऊन नाही, नुसतं. टेप संपली.

लाज वाटली. दुसरा शब्द नाही. मी दहा वर्षं जो किस्सा सांगून हशा घेत होते, तो हा माणूस दर साली दार लावून, एकदा, माझ्या हसण्यासकट ऐकत होता.

"तिच्या लग्नाच्या आदल्या साली नाल्याच्या चढावर एक जीप कलंडली होती," सर टेपकडे बघतच म्हणाले. "भारी झाली म्हणून. पोरीची जीप हलकी करून येतो म्हणलं. तेवढ्यात..." मग टेपचं झाकण उघडून, "तिनं आजवर कधी इचारलं न्हाई."

त्यांनी कॅसेट बाहेर काढली. तिच्या मागच्या कडेला दोन बारीक पाकळ्या असतात, त्या मोडल्या की त्या कॅसेटवर पुन्हा कुणाला काही भरता येत नाही. जन्मभर सापडेल ते मोडून काढणाऱ्या या माणसाचं तेवढंच मोडायचं राहून गेलं होतं. त्यांनी चष्मा वर केला आणि नखानं एक पाकळी मोडली, मग दुसरी. मोडलेले तुकडे एरवी खिडकीबाहेर गेले असते. या वेळी त्यांनी ते खिशात ठेवले.

टेपरेकॉर्डर त्यांनी काखेत घेतला. हँडल नव्हतं, वायर लोंबत होती, आणि लिंबाला टेकवलेल्या सायकलला कॅरिअरही नव्हतं. मी दारापर्यंत गेले. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, सर, पाढ्यांसाठी दुसरी कॅसेट आणते, अख्खे तीसपर्यंत भरून देते.

"आणा," ते म्हणाले. "दोन आणा."